चिवल्याचं पाणी आज कसं आहे? मालवणच्या आडोशाच्या समुद्राबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवणात चिवला बीचजवळ आमचं घर आहे आणि त्यातल्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. येण्याआधी प्रत्येकाचा फोन येतोच. खोलीबद्दल एखादा प्रश्न असतो, समुद्राबद्दल मात्र पाच-सहा. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे उत्तरांसह लिहून ठेवले आहेत. उत्तरं चिवल्यापुरती आणि फार तर दांडी-तारकर्लीपर्यंतची आहेत. दुसऱ्या किनाऱ्यावर हाच हिशेब तसाच लावू नका.

चिवल्याला लाटा असतात का? लहान मुलं बरोबर आहेत.

ऑक्टोबर अखेर ते एप्रिलपर्यंत बहुतेक दिवस घोट्याला लागून परत जाणारी लाट असते. किनाऱ्यासमोर खडकांची रांग आहे आणि दक्षिणेला राजकोटचं टोक पुढे आलेलं आहे. त्यापलीकडे कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग आणि त्याभोवतीचे खडक. नैऋत्येकडून येणाऱ्या लाटेचा जोर आधी तिथेच मोडतो. दर डिसेंबरात राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा इथे होते ती याच आडोशामुळे, आणि तेव्हा शाळकरी पोरंही समुद्रात उतरतात.

मुलांना रेतीच्या भागात सोडा, खडकांच्या बाजूला नको. खडकाला कालवं चिकटलेली असतात आणि त्यांची धार ब्लेडसारखी लागते. उथळ रेतीत पाय उचलून न टाकता घासत चाला. रेतीत दडलेलं पाकट, म्हणजे चपटा मासा, असलं तर पायाच्या चाहुलीने निघून जातं. चुकून पाय पडला तर शेपटीचा काटा मारतं, आणि तो ठणका माणसाला रात्रभर झोपू देत नाही.

वर्षातला कोणता काळ सर्वांत शांत?

डिसेंबर ते फेब्रुवारी. या महिन्यांत बाहेरच्या समुद्रातही लाट बहुतेक वेळा मीटरभराच्या आतच असते. मार्चपासून दुपारचा वारा वाढतो आणि मे निम्मा सरला की समुद्राचा रंग बदलू लागतो. जून ते ऑगस्ट बाहेर अडीच-तीन मीटरची लाट रोजची असते, वाऱ्याचा जोर असला की चार मीटरच्याही वर जाते. सप्टेंबरमध्ये हळूहळू उतार पडतो. एक अपवाद हिवाळ्यातलाच आहे, तो दिशेच्या प्रश्नात सांगितला आहे.

अंदाजात “लाट १.८ मीटर” लिहिलंय. म्हणजे आमच्यासमोर तेवढी लाट येणार का?

नाही. तो आकडा उघड्या समुद्रातला आहे, खडकांच्या आतला नाही. शिवाय तो सगळ्यांत मोठ्या लाटेचाही नाही. जेवढ्या लाटा जातात त्यातल्या सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. म्हणून १.८ मीटरच्या दिवशी बाहेर एखादी लाट साडेतीन मीटरची उठली तर अंदाज चुकला असं होत नाही. होडीने बाहेर जाणाऱ्याने दुप्पट आकडा मनात धरावा. चिवल्यात आंघोळ करणाऱ्याला मात्र त्या १.८ मधलं किती आत पोचेल, हे नुसत्या उंचीवरून कळणार नाही. त्यासाठी सेकंद, दिशा आणि भरती बघावी लागते. पुढच्या तीन प्रश्नांत तेच आहे. ही यादी कुणी अर्धीच वाचणार असेल तर हा आणि पुढचे तीन प्रश्न तेवढे वाचावेत.

लाटेच्या उंचीपुढे “८ सेकंद”, “१५ सेकंद” असं लिहिलेलं असतं. त्याचं काय करायचं?

आमच्या किनाऱ्यापुरतं बोलायचं तर उंचीच्या आधी तेच वाचायचं. एका लाटेचा माथा गेल्यावर पुढचा माथा येईपर्यंतचा तो वेळ आहे. आठ सेकंदांची लाट म्हणजे जवळपासच्या वाऱ्याने उठवलेलं पाणी. खोल समुद्रात तिची लांबी साधारण १०० मीटर असते. सोळा सेकंदांची लाट फार लांबून आलेली असते आणि तिची लांबी भरते ४०० मीटर. सेकंद दुप्पट झाले की लांबी चौपट होते.

याचा आडोशाशी संबंध असा. लाटेला तळ जाणवू लागतो तो तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर. म्हणजे आखूड लाटेला ५० मीटर खोलीवर, तर लांब लाटेला २०० मीटरवर, किनाऱ्यापासून कितीतरी दूर. तळ जाणवला की लाट उथळाकडे वळते. त्यामुळे आखूड लाट सरळ येते, खडकावर आपटते आणि तिथेच संपते. लांब लाट मात्र टोकाला वळसा घालून आत शिरते आणि उथळात आली की जास्त फुगते. बाहेर एक मीटर असली तरी आत ती पाण्याची लाट न वाटता पाण्याची पातळीच चढल्यासारखी वाटते.

हे मी एका पाहुण्याच्या पायावर शिकलो. एप्रिलमधली सकाळ होती. “आज लाट मीटरभर, काही काळजी नाही,” असं मी सांगितलं. सेकंद बघितलेच नव्हते, ते १७ होते. ते गृहस्थ खडकावर बसून फोटो काढत होते. वीस मिनिटं खडक कोरडा. मग पाणी आवाज न करता वर चढलं, त्यांना बसल्याजागी उचललं आणि हातभर पलीकडे घासत नेलं. नडगीवर कालवांचे पंचवीस-तीस बारीक चरे, रांगोळीच्या रेघांसारखे एकाशेजारी एक. चूक माझी होती. तेव्हापासून १३ सेकंदांच्या वर आकडा दिसला की खडकावर बसू नका, असं मी पाहुण्यांना आपणहून सांगतो.

“नैऋत्य” म्हणजे लाट नैऋत्येकडे जाते की नैऋत्येकडून येते?

आपल्याकडच्या अंदाजांत वारा आणि लाट दोन्ही “कुठून येतं” तेच लिहितात. नैऋत्य म्हणजे नैऋत्येकडून. मात्र काही नकाशांवरचे बाण “कुठे जातं” ते दाखवतात, तेव्हा खालची तळटीप वाचा.

नैऋत्येच्या लाटेला राजकोट आणि किल्ल्याकडचे खडक आडवे येतात. वायव्येच्या लाटेला आडवं फारसं काही येत नाही, म्हणून मीटरभराची वायव्य लाट चिवल्यात दीड मीटरच्या नैऋत्य लाटेपेक्षा जास्त जाणवते. हिवाळ्यातला अपवाद म्हणतात तो हाच. अरबस्तानाकडे शमाल नावाचे वारे सुटतात आणि त्यांनी उठवलेली लाट अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्याला लागते. रत्नागिरी आणि गोव्यासमोरच्या मोजण्यांत ती स्पष्ट दिसली आहे. जानेवारी-फेब्रुवारीत इथे पान हलत नसताना दोन दिवस चिवला उसळत राहिला, तर मी आधी तिकडचा वारा बघतो.

अशा दिवशी मुलांना दांडीला न्या. समोर किल्ला असल्यामुळे तिथला आडोसा वेगळ्या बाजूने आहे.

भरती-ओहोटीने लाटांत फरक पडतो का?

इथे खूपच पडतो. आडोसा खडकांचा आहे आणि भरतीला त्यातले बरेच खडक पाण्याखाली जातात, म्हणजे बंधाऱ्याची उंचीच कमी होते. ओहोटीला तीच लाट बाहेर पांढरी फुटून संपते आणि आत तळ्यासारखं पाणी राहतं. म्हणून एकाच दिवशी सकाळी उतरलेला पाहुणा “किती शांत” म्हणतो आणि दुपारी उतरलेला “किती लाटा”. दोघंही खरं बोलत असतात.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी जास्त चढतं आणि तेवढंच जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे चढ-उतार थोडा. पोहायला शिकवायचं असेल तर भांगाचे दिवस निवडा. खडकातले जीव, शिंपले, खेकडे मुलांना दाखवायचे असतील तर उधाणाची ओहोटी. फक्त पाणी परत फिरायच्या आत तुम्ही परत फिरा. हा सगळा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तेव्हा दिसलेलं तिथेच ठेवा.

आमचे आजोबा तिथीवरून भरती सांगायचे. तो हिशेब कसा?

त्याला पाऊणकी म्हणतात. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, तेवढे वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. पौर्णिमेला पंधराची सव्वाअकरा. वद्य पक्षातही प्रतिपदेपासून पुन्हा एक, दोन असंच मोजायचं आणि अमावास्येला पंधरा धरायचे. भरतीपासून साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी.

हिशेब ढोबळ आहे, एखादा तास इकडेतिकडे होतो. पण मोबाइलला रेंज नसताना याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही, आणि घरात कालनिर्णय टांगलेलं असतंच.

मुंबईचं भरतीचं वेळापत्रक मालवणला चालेल का?

नाही. मालवणला भरती मुंबईच्या आधी लागते. पाणीही तेवढं चढत नाही. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो, इथे दोन मीटरच्या आसपास. मालवणचं वेळापत्रक हाताशी नसेल तर मुंबईपेक्षा मुरगावचं जवळचं.

सकाळी समुद्र आरशासारखा आणि तीन वाजता खडबडीत, असं का होतं?

रात्री जमीन लवकर थंड होते आणि वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, हे मतलई वारे. किनाऱ्यालगतचं पाणी ते इस्त्री केल्यासारखं दाबून ठेवतात. दहा-अकरानंतर जमीन तापते, वारा उलटतो आणि खारे वारे सुरू होतात. फेब्रुवारीपासून मेपर्यंत दुपारचा हा वारा वायव्येकडून चांगलाच जोर धरतो आणि चार-पाच सेकंदांच्या आखूड लाटा उठवतो. त्यांनी सहसा इजा होत नाही, पण पोहताना तोंडात पाणी जातं आणि होडीतल्या माणसाला मळमळतं. सूर्य मावळला की सगळं पुन्हा निवळतं.

पोहणं, कयाक, किल्ल्याची फेरी, जे काही पाण्यातलं असेल ते सकाळी नऊच्या आत सुरू करा.

आकाश स्वच्छ, वारा नाही, कुठे वादळाची बातमीही नाही. तरी पाणी चपलांपर्यंत आलं. असं कसं?

त्याला केरळात कल्लक्कडल म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला मोठं वादळ होतं, त्याची लांब लाट पाच-सात दिवस प्रवास करत आपल्याकडे येते. इथल्या हवेत तिची काहीच खूण नसते. मुख्यतः एप्रिल-मेमध्ये हे घडतं. सर्वांत जास्त फटका केरळला बसतो, पण आपल्याही किनाऱ्यावर ती जाणवते. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था २०२० पासून याचा वेगळा इशारा देते. अंदाजात ओळखायची खूण म्हणजे उंची मामुली, सेकंद १६ ते २०, दिशा दक्षिण-नैऋत्य. त्यात उधाणाची भरती आली तर रेतीवर काही ठेवू नका.

चक्रीवादळ ओमानकडे चाललंय असं बातम्यांत आहे. मग मालवणचं बुकिंग कशाला रद्द करायचं?

२०१९ च्या दिवाळीतलं क्यार आठवा. ते किनाऱ्याला न लागता ओमानच्या दिशेने गेलं. तरी देवगड-मालवणात समुद्राचं पाणी किनाऱ्यावरच्या वाड्यांत शिरलं, होड्या आणि जाळी वाहून गेली. वादळ ज्या दिशेला जातं त्या दिशेलाच फक्त लाटा जातात असं नाही, त्या चारी बाजूंना पसरतात. वारा-पाऊस संपल्यावरही दोन-तीन दिवस पाणी खवळलेलं असतं.

तौक्तेची गोष्ट वेगळी. १६ मे २०२१ ला ते सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यालगतून वर गेलं, तेव्हा वारा, पाऊस आणि समुद्र तिन्ही एकदम होते. माड मुळासकट पडले आणि वीज कित्येक दिवस नव्हती.

माझा सल्ला असा: वादळ अरबी समुद्राच्या पूर्व भागात असेल तर ते कुठेही चाललेलं असो, तारीख पुढे ढकला.

“पिवळा इशारा” आणि “तीन नंबरचा बावटा” यात काय फरक?

रंग हवामान खात्याचे आणि ते जिल्ह्यासाठी असतात. हिरवा, पिवळा, केशरी, लाल. बहुतेक वेळा ते पावसाबद्दल असतात. चोवीस तासांत ११५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिमुसळधार, २०४ च्या वर गेला की अत्यंत मुसळधार. पिवळ्या इशाऱ्याच्या दिवशी समुद्र ठीक असू शकतो, आणि इशारा नसलेल्या दिवशी समुद्र वाईट असू शकतो.

बावटा बंदरावर लागतो आणि तो होड्यांसाठी आहे. एक नंबर म्हणजे दूर समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालंय. तीन नंबर म्हणजे खुद्द बंदराला सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका. तीन लागला की मच्छीमार होडी काढत नाहीत, मग पर्यटकाने हट्ट धरू नये. उंच लाटांचा इशारा या दोन्हींहून वेगळा, तो इन्कॉइसचा.

मेच्या शेवटच्या आठवड्यात आलो तर चालेल ना? मान्सून तर जूनमध्ये येतो.

मान्सून २०२५ मध्ये २५ मेलाच देवगडपर्यंत आला होता. आणि ढग यायच्या आधीच समुद्र फिरतो. मे २०२२ च्या अखेरीस तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला, तेव्हा मान्सून अजून कोकणात पोचला नव्हता. मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरपर्यंत किल्ल्याची होडीसेवा आणि जलक्रीडा बंद असतात, त्यामुळे त्या दिवसांत आलात तर पाण्याचे बेत करूच नका. मेमध्येच यायचं तर पहिला पंधरवडा निवडा, सकाळी उतरा.

पावसाळ्यात नुसतं बघायला आलो तर?

जरूर या. पण रेतीवर उभं राहून बघा, खडकावरून नको. जुलैत रेतीचा पट्टा अर्धा वाहून गेलेला असतो आणि पाणी तांबूस होतं. गुडघाभर पाण्यातही उतरू नका. त्या दिवसांत इथला आडोसा पुरा पडत नाही.

नारळी पौर्णिमा झाली की समुद्र शांत होतो ना?

नारळ अर्पण केल्यावर होड्या निघतात हे खरं, आणि यांत्रिक मासेमारीवरची बंदीही १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची आहे. पण नारळी पौर्णिमा तिथीने येते, कधी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तर कधी अखेरीस. वाऱ्याला ती तारीख ठाऊक नसते. मच्छीमार पौर्णिमेला पूजा करतात आणि पाणी बघून होडी काढतात, कधी आठ-दहा दिवस थांबूनही. पाहुण्यांनी रापणीची वाट बघावी. दोन बाजूंनी दोर धरून माणसांची रांग चिवल्यावर जाळं ओढताना दिसू लागली की किनाऱ्यालगतचं पाणी निवळलं.

चिवल्यात पाणी शांत दिसतंय, तरी होडीवाले बाहेर न्यायला नाही का म्हणतात?

कारण तुम्ही आतलं पाणी बघताय आणि ते बाहेरचं. आमच्या शेजारचे काका सकाळी दारात उभे राहून फक्त लांबच्या खडकाकडे बघतात. एकदा मी चार पाहुण्यांसाठी विचारायला गेलो तर म्हणाले, “भायल्या खडकार पांढरा फुटता, आज भितूरच रवा.” पाणी त्या वेळी माझ्या घोट्यालाही लागत नव्हतं. तासाभराने भरती चढली आणि जेट्टीकडचं पाणी उसळायला लागलं.

खुणा तुम्हालाही शिकता येतील. लांबच्या खडकावर फेस थांबून थांबून पण उंच उडतो आहे का ते बघा. तसं असेल तर लाट लांब सेकंदांची आहे. नांगरलेल्या होड्या एकाच दिशेला तोंड करून ताणून उभ्या आहेत का बघा. तसं असेल तर वाऱ्याला किंवा प्रवाहाला जोर आहे.

दांडीहून पद्मगड या छोट्या किल्ल्याला चालत जाता येतं का?

ओहोटीला येतं. उधाणाच्या दिवसांत वाट जास्त उघडी पडते. ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी निघा आणि पाणी फिरलं की लगेच परत या. लांब सेकंदांच्या लाटेच्या दिवशी जाऊ नका.

स्कूबा-स्नॉर्कलिंगला पाणी स्वच्छ कधी?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसानंतर कर्ली आणि गड नद्यांचा गाळ बसायला ऑक्टोबर निघून जातो. ऐन मोसमातही दोन दिवस लाट लागली की तळाची रेती उठते. उधाणाच्या दिवसांत प्रवाह जास्त आणि पाणी गढूळ. म्हणून थंडीतल्या भांगाचे दिवस उत्तम.

चिवल्याला सर्फिंग शिकता येईल का?

लाट फुटायला हवी आणि फुटताना रेतीवर फुटायला हवी. चिवल्यात बहुतेक दिवस ती फुटतच नाही आणि फुटते ती खडकावर. शिकायचं असेल तर उघड्या रेतीचा किनारा आणि शिकवणारा माणूस हवा. उत्तर गोव्यात मांद्रे-अश्वेकडे शिकवतात, कर्नाटकात मुळकी त्यासाठीच ओळखलं जातं. बोर्डवर उभं राहून वल्हं मारायला मात्र चिवल्यातली डिसेंबरची सकाळ फार छान असते.

पाण्याने ओढून नेलं तर काय करायचं?

किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका, दम त्यातच संपतो. पाठीवर तरंगा, हात वर करून हाक मारा. ओढ अरुंद पट्ट्यात असते. किनाऱ्याला समांतर पोहत तिच्या बाहेर या आणि मग लाटेबरोबर आत. लाटा दोन्हीकडे फुटताहेत आणि मधला पट्टा शांत, गढूळ दिसतोय, तर ती ओढ आहे. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. वाचवायला दोर किंवा रिकामा कॅन फेका, स्वतः उडी घेऊ नका. ११२ लावा. होडी बाहेर अडकली असेल तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४.

रोज नेमकं काय आणि कुठे बघू?

लाट, सेकंद आणि दिशा इन्कॉइसवर. पाऊस आणि वादळ हवामान खात्यावर. भरती पंचांगावर किंवा वेळापत्रकात. संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचं बघा, सकाळी पुन्हा एकदा. तीन दिवसांपुढच्या लाटेच्या आकड्यावर बेत ठरवू नका. आणि आलात की जेट्टीवर दोन माणसांना विचारा, पण तुम्हाला तिकीट विकणार नाहीत अशा दोघांना.

इतकं वाचून गोंधळ झाला. तुम्हीच सांगा ना, उद्या उतरायचं का?

आदल्या रात्री फोन करा. मी सकाळी सहाला किनाऱ्यावर जाऊन येतो आणि साडेसहाला सांगतो.